मानेचा मणका : वाट पुढून की मागून?

'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य कानावर पडलं नाही असं घर आपल्याकडे सापडणं कठीण. चाळिशी उलटली की मानेच्या एक्स-रेमध्ये काही ना काही झीज दिसतेच. केस पिकतात, तसंच ते. मी स्वतः मणक्यांच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. तरीही आधीच सांगून टाकतो, की यातल्या बहुतेकांना सुरीची गरज कधीच पडत नाही. शेक, व्यायाम आणि थोडा धीर यांवर त्यांचं भागतं. थोड्या लोकांची गोष्ट मात्र वेगळी असते. त्यांच्या मानेतली झीज मज्जारज्जूलाच दाबू लागते. या थोड्यांसाठी आम्हा सर्जन मंडळींमध्ये कित्येक दशकं एक वाद चालला. मानेत शिरायचं ते पुढून, गळ्याच्या बाजूनं, की मागून?

वाद समजून घ्यायचा तर मानेची रचना डोळ्यांसमोर हवी. मानेत सात मणके. मणक्याचा भरीव भाग पुढे असतो आणि मागे हाडाची कमान. या दोहोंमधल्या पोकळीतून साधारण करंगळीएवढा मज्जारज्जू खाली जातो. हातापायांना जाणारे मेंदूचे सगळे निरोप त्याच्यातून जातात. दोन मणक्यांमधल्या गाद्या वयानुसार सुकतात, मागे फुगतात, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात. मागच्या बाजूचे अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतात. पोकळी अरुंद होते आणि रज्जू चिमटीत सापडतो.

मागून जाण्याची वाट जुनी. लंडनमध्ये १८८७ साली सर व्हिक्टर हॉर्स्ली यांनी एका लष्करी कप्तानाच्या पाठीतली, मज्जारज्जू दाबणारी गाठ काढली. निदान विल्यम गॉवर्स यांचं होतं. रुग्ण पुन्हा चालू लागला आणि मणक्यापर्यंत सुरी नेता येते हा विश्वास वैद्यकाला आला. रुग्णाला पालथं झोपवायचं, मागची कमान काढून टाकायची आणि रज्जूला मोकळं करायचं, ही रीत त्यानंतर रूढ झाली. पुढून जाण्याचा विचार फारसं कोणी करत नसे. तिथे श्वासनलिका, अन्ननलिका आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या दाटीवाटीनं बसलेल्या!

पण दाब कशाचा आहे, हेच बराच काळ नीट उमगलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या बायरन स्टुकी यांनी १९२८ साली मानेतल्या अशा दाबाचं वर्णन केलं, ते कूर्चेच्या गाठी समजून. पुढे १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं, की अशा 'गाठी' बहुधा मणक्यांतली फुटलेली गादीच असते. १९५२ साली लंडनच्या रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेची झीज आणि मज्जारज्जूचा विकार यांचा संबंध सविस्तर मांडला. गंमत अशी, की डॉक्टरांचं आडनाव ब्रेन आणि लेख छापणाऱ्या नियतकालिकाचं नावही 'ब्रेन'!

आता अडचण स्पष्ट झाली. गादी आणि काटे रज्जूच्या पुढे, सर्जन मात्र मागे. कंबरेत नस थोडी बाजूला सारून गादी काढता येते. मानेतला मज्जारज्जू असं सारणं सहन करत नाही. शिवाय कमानी काढल्यावर काही रुग्णांची मान हळूहळू पुढे झुकत जाई.

यावर पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत तोड निघाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी १९५५ साली पुढची वाट मांडली आणि १९५८ साली तिचा विस्तारानं अहवाल दिला. त्याच वर्षी होनोलुलूच्या राल्फ क्लॉवर्ड यांनी आपली स्वतंत्र पद्धत प्रसिद्ध केली. १९४१ साली पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा हवाई बेटांवरचे एकमेव मेंदूशल्यचिकित्सक हेच. सगळ्यांची भीती होती त्या गळ्यातच निसर्गानं एक वाट ठेवलेली आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी धमनी दुसऱ्या बाजूला, आणि मधून जवळजवळ बोटानं सरकवत मणक्यापर्यंत पोचता येतं. मग गादी काढायची आणि त्या जागी रुग्णाच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा बसवून दोन मणके जोडून टाकायचे. रॉबिन्सन म्हणत, मणके जुळले की काटे आपोआप झिजतील. क्लॉवर्ड मात्र गोल भोक पाडून काटेही काढत आणि भोकात हाडाचं बूच बसवत.

ही वाट फुकट मिळत नाही. गिळताना त्रास होतो, आवाज बसू शकतो, आणि तीन-चार मणक्यांचं काम असेल तर हाड न जुळण्याची शक्यता वाढते.

तिसरा विचार जपानमधून आला. तिथे मणक्यांच्या मागच्या बाजूचा लांबलचक अस्थिबंध हाडासारखा होण्याचा विकार तुलनेनं अधिक आढळतो. अनेक मणक्यांवर पसरलेलं ते हाड पुढून काढणं जोखमीचं. म्हणून टोकियोच्या केईओ विद्यापीठातल्या हिराबायाशी यांनी १९७७ साली मागून जाऊनही कमान न टाकण्याची युक्ती केली. कमानीची एक बाजू पूर्ण कापायची, दुसरी नुसती पातळ करायची आणि बिजागरीवरचं दार उघडावं तशी कमान उघडून ठेवायची. जागा मिळाली की रज्जू मागे सरकतो. पुढचा दाब जागच्या जागी राहतो, पण रज्जू त्याच्या तावडीतून सुटतो. अट एकच. मानेचा नैसर्गिक बाक शाबूत हवा. मान पुढे वाकलेली असेल तर दार उघडूनही रज्जू पुढच्या काट्यांवरच ताणलेला राहतो. जपान्यांनी १९७५ साली या रोगाची तीव्रता मोजायला १७ गुणांची पट्टी तयार केली. तिच्यातला एक प्रश्न जेवणाच्या काड्या हाती धरता येतात का, हा आहे.

आपल्या मुंबईचाही या वादात वाटा आहे. केईएम रुग्णालयात काम करताना डॉ. अतुल गोयल यांनी मांडलं, की मुळात दोष मणक्यांच्या अस्थिरतेचा आहे. रज्जूवरचं हाड न काढता नुसते स्क्रू लावून मणके स्थिर केले तरी पुरे. जगभर यावर मतभेद आहेत, पण प्रश्न मुळापासून विचारणारा हा विचार आहे.

मग निवाडा काय? उत्तर अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांनी पुढून की मागून हे दोन्ही शक्य आहे अशा १६३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गटांची शारीरिक सुधारणा जवळपास सारखीच होती. गुंतागुंत मात्र पुढच्या वाटेनं ४८ टक्के आणि मागच्या वाटेनं २४ टक्के. पुढच्यांत मुख्य तक्रार गिळण्याची होती, तर नव्यानं उद्भवलेला नसांचा दोष मागच्यांत अधिक होता. कमान उघडून ठेवलेल्या रुग्णांचं बरं चाललेलं दिसलं, पण ती निवड चिठ्ठीनं नव्हे, सर्जननं केली होती; तेव्हा तो आकडा जपून वाचायला हवा.

मला यातून उमजतं ते इतकं. दाब एक-दोन ठिकाणी आणि पुढून असेल, किंवा मान पुढे वाकलेली असेल, तर पुढची वाट. दाब अनेक ठिकाणी आणि मानेचा बाक शाबूत असेल, तर मागची. दोन्ही वाटा खुल्या असतील, तर फरक आम्ही भांडलो त्या मानानं थोडाच. म्हणून 'माझ्या बाबतीत ही वाट का, दुसरी का नाही?' हा प्रश्न रुग्णानं सर्जनला खुशाल विचारावा. 'मी नेहमी असंच करतो' हे त्याचं पुरेसं उत्तर नव्हे.

खरा फरक पडतो तो वेळेचा. इस्रायलमधल्या ४२ रुग्णांच्या एका छोट्या पाहणीत (२०१३) लक्षणं सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. कारण हा रोग लबाड आहे. पुष्कळदा मान दुखतच नाही. सदऱ्याची बटणं लागत नाहीत, साडीच्या निऱ्या घालताना बोटं वळत नाहीत, चप्पल पायातून निसटते, अंधारात तोल जातो. घरातले म्हणतात, 'वय झालं.' २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, की मध्यम आणि तीव्र विकारात शस्त्रक्रिया करावी. सौम्य विकारात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचे उपचार, यांतलं काहीही चालेल. शस्त्रक्रियेनं रज्जूवरचा दाब जातो आणि बऱ्याच जणांना सुधारणाही जाणवते. पण जे तंतू कायमचे गेले, ते पुढून गेलो काय अन् मागून गेलो काय, परत आणता येत नाहीत. तेव्हा बटणं लागेनाशी झाली, की वयाला दोष देण्याआधी मान तपासून घ्यावी.