एम्प्रेस मिलचा फंड आणि कामगाराचं मन

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे : कंपन्यांचं सामाजिक दायित्व आणि कर्मचाऱ्यांची वृत्ती. साध्या भाषेत विचारायचं तर, मालकाने पगारापलीकडे काही चांगलं केलं, तर कामगाराचं मन बदलतं का? आणि बदललंच, तर कोणत्या बाबतीत? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. मी मात्र तुम्हाला नागपूरला नेणार आहे, जुम्मा तलावाजवळ.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी असल्याचं जाहीर झालं, आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस मिल. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, त्यांना कापडधंद्याचा गंध नव्हता. कापूस जवळ होता, रेल्वे होती. अडचण होती ती माणसांची. माणसं मिळत, पण रोज येत नसत. टाटांच्या इतिहासात असं सांगतात, की कुठल्याही दिवशी शंभरातले वीसेक जण गैरहजर असायचे. घरी लग्न आहे, सण आहे, चार पैसे गाठीला आहेत, मग भोंगा वाजला तरी जायचं कशाला? याला आळस म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. घड्याळावर जगायची सवय नसलेल्या माणसाचा तो साधा हिशेब होता.

जमशेटजींनी दंडाचा मार्ग धरला नाही. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘फंड’, सुरू केला. अपघाताची भरपाई आली. वर्षाकाठी खेळ आणि बक्षिसांचा दिवस, त्यात रोख रक्कम, घड्याळं, सोन्याच्या साखळ्या. हवा खेळती ठेवायची यंत्रणा, आग विझवायची सोय. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ साली अपघात भरपाईची योजना अशा तारखा सांगितल्या जातात. सरकारचा कामगार नुकसानभरपाई कायदा यायला १९२३ साल उजाडलं, हे ध्यानात घ्या.

याचा परिणाम कसा होतो? बक्षीस आजच्यापुरतं असतं, पण फंड हा उद्याचा पैसा. तो हवा तर नोकरी टिकवायला हवी. म्हणजे कामगाराला पहिल्यांदा त्या गिरणीत स्वतःचा ‘उद्या’ दिसू लागला. माझ्या मते हजेरीवर खरा परिणाम यानेच झाला असणार. सोन्याची साखळी गोष्टीत चमकते, एवढंच.

आता दुसरी बाजू. त्याच १८७७ साली, त्याच गिरणीत, मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातल्या गिरण्यांमधला सुरुवातीचा नोंदलेला संप म्हणून इतिहासात त्याचा उल्लेख येतो. टाटांच्या कौतुकाच्या गोष्टींत तो सहसा नसतो, आणि संपाच्या इतिहासात फंड नसतो. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायला हवीत, बरं का.

तुम्ही म्हणाल, संप आधीचा, फंड नंतरचा. कल्याणाची कामं झाल्यावर तक्रार मिटली असेल. ठीक आहे, मग टाटांच्याच पोलाद कारखान्याकडे बघा. साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, १९१२ पासून आठ तासांचा दिवस. कामगार कल्याणाच्या सल्ल्यासाठी थेट इंग्लंडच्या सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब यांना विचारलेलं. दवाखाना, शाळा, सगळं होतं. आणि तरी १९२० साली मोठा संप, १९२२ ला पुन्हा, १९२८ ला तर महिनोन्‌महिने. त्या वर्षी तिथल्या कामगार संघटनेचं नेतृत्व सुभाषचंद्र बोस यांच्याकडे आलं.

मालकांच्या गोटात अशा वेळी एकच शब्द निघतो : कृतघ्न. मला तो पटत नाही. कामगार दोन खाती वेगळी ठेवत होता. दवाखाना चांगला आहे, हे एका खात्यात. महागाई वाढली, मजुरी वाढली नाही, हे दुसऱ्या खात्यात. पहिल्यातली जमा दुसऱ्यात वळती करून घ्यायला तो तयार नव्हता. सोयींमुळे माणूस टिकतो, कामावर येतो, कदाचित कंपनीचं नाव अभिमानाने सांगतोही. पण मजुरीचा वाद त्याने सोडून द्यावा, ही किंमत तो मोजत नाही.

आणि आज? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. नियम योग्यच आहे, नाहीतर कँटीनचं बिलही समाजसेवेत लागलं असतं! पण त्यामुळे चित्र उलटं झालं. जमशेटजींची सुरुवात गिरणीच्या आतून होती. आजचा हिशेब फाटकाबाहेरचा आहे. कंपनीने शेजारच्या गावात शाळा बांधली, तर आतला माणूस खूश होतो का? कायम नोकरीतला होत असेल. त्याच्याच शेजारी त्याच मशीनवर कंत्राटी कामगार उभा आहे. शाळेचा फोटो नोटीस बोर्डावर लागतो, तेव्हा तोही बघतो. त्याचा फंड भरला जातोय का, हे मात्र त्याला ठेकेदाराला विचारावं लागतं.