कुत्रं स्वतःचीच विष्ठा खातंय? मारू नका, आधी कारण बघा

व्यालेली कुत्री पहिले तीनेक आठवडे पिल्लांची घाण चाटून साफ करते. ते नैसर्गिक आहे. लहान पिल्लंही विष्ठा खातात, बहुतेकांची सवय वाढत्या वयात सुटते. मोठं कुत्रं खात असेल, तर अपुरं खाणं, जंत, अन्न न पचणं किंवा दिवसभर साखळीला बांधून राहणं ही कारणं असू शकतात. मारलं तर ते घाबरून विष्ठा आणखी घाईने संपवतं.

काय करावं?

• विष्ठा पडताच फावड्याने उचलून खड्ड्यात पुरा.
• नुसत्या भाकरीवर ठेवू नका. दोन वेळा पोटभर द्या, सोबत उकडलेलं अंडं द्या.
• रोज फिरवा. ‘सोड’ म्हटल्यावर मागे फिरलं की लगेच खाऊ द्या.
• जंताचं औषध वजनाप्रमाणे, साधारण दर ३ महिन्यांनी द्या.

विष्ठेतली जंतांची अंडी मातीत मिसळून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. अंगणात खेळून आलेल्या मुलांचे हात साबणाने धुवा.

कुत्रं भरपूर खाऊनही वाळत असेल, पातळ हगत असेल किंवा फार पाणी पीत असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाच.