ढीग खालीवर करायचा कोणी? कोंबडी, उकिरडा आणि आपण

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस कोंबडी आणि खत यांवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण खताच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो नीतीचा आहे: ढीग खालीवर करायचा कोणी?

आधी तो करायचा कशासाठी, ते बघू. कचरा कुजवतात सूक्ष्मजीव. त्यांना हवा आणि ओल लागते. खाद्यात एक भाग नत्राला साधारण तीस भाग कर्ब असलेलं त्यांना मानवतं. वाळल्या पाचोळ्यात कर्ब जास्त, कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर, म्हणून दोघांचं जमतं. हवा मिळाली की ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, तणाचं बी आणि बरेच रोगजंतू मरतात. हवा कोंडली की तोच ढीग सडतो, वास मारतो. म्हणून तो हलवायचा. आता हे काम कष्टाचं, वासाचं, आणि मान तर अजिबात नाही!

आपल्या खेड्यांत या प्रश्नाला एक उत्तर होतं. घरामागे किंवा गावाच्या कडेला उकिरडा असे. शेण, राख, केर, खरकटं, सगळं तिथे जाई. सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या थेट उकिरड्यावर. पायांनी उकरायचं, किडे-अळ्या टिपायच्या, पुन्हा उकरायचं. शेणखतात वाढणारी हुमणीसारखी अळी, जी पुढे शेतात पिकाची मुळं खाते, ती तिथेच कोंबडीच्या चोचीत जाई. उकरणं आणि उकिरडा हे शब्द कानाला सख्खे लागतात, ते उगाच नाही.

ही सोबत जुनी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना भक्कम पुरावा थायलंडमधल्या बान नोन वाट इथला, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातला. भात आणि भरडधान्याच्या शेतीमुळे रानकोंबडे माणसाजवळ आले, असं ते संशोधक म्हणतात. म्हणजे बघा, आपण तिला धरून आणलं त्याआधी आपल्या सांडलवंडीने तिला बोलावलं.

पुढे शास्त्र आलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची पद्धत बसवली. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं, त्याचे सहलेखक यशवंत वाड. जग आज ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतं. वाडांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. या पद्धतीत थर रचायचे आणि ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर करायचा. कोणी? मजुरांनी.

नंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी वेगळा विचार केला. त्यांचं ‘नाडेप’ टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीतल्या विटांमध्ये मुद्दाम भोकं ठेवायची. हवा आपोआप खेळते, खालीवर करायची गरजच उरत नाही. इंदूरला मजुराने केलेलं काम पुसदला भिंतीच्या भोकांनी केलं. आणि उकिरड्यावर ते कोंबडी करत होती, तेही काम म्हणून नव्हे, पोटासाठी!

आता भोसरीकडे येऊ. १९७० मध्ये भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे देशातल्या कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र बनलं. दोन्ही घटनांनी पुष्कळांचं भलं झालं, हे नाकारू नका. पण एकीच्या वाटेने कचरा गाडीत चढून मोशीच्या डेपोत गेला, दुसरीच्या वाटेने कोंबडी पिंजऱ्यात गेली. उकिरडा आणि कोंबडी यांची ताटातूट झाली. आता तिकडे विष्ठेचे ढीग आणि इकडे कचऱ्याचा डोंगर.

म्हणून जुनं ते सोनं म्हणायचं का? नाही. उघड्या उकिरड्यावर माश्या होत्या, पावसात नत्र वाहून जाई. कोंबडी वरची चार बोटंच उकरते, खालचा थर तसाच राहतो. आणि मुख्य म्हणजे शेणगोठा बाईच्या माथी होता, मेलेली जनावरं ओढणं आणि गावची घाण काढणं जन्मावरून काही जातींच्या माथी मारलं होतं. कोंबडी घाणीत पाय घाले, तिला सहसा कोणी विटाळ मानला नाही. माणसाला मात्र मानला. हा हिशेब विसरून उकिरड्याचं गुणगान करणं मला जमणार नाही.

ज्यांना परसबाग आहे त्यांनी जरूर करून बघावं. तीन फुटांचं कुंपण घालावं. आत पाचोळा आणि भाजीचे देठ टाकावेत; बुरशी आलेलं अन्न टाकू नये. दोन-तीन आठवडे कोंबड्यांना उकरू द्यावं. मग त्यांना बाहेर काढून ढीग नीट रचावा, तापू द्यावा, अधूनमधून हलवावा आणि दोन-तीन महिने मुरू द्यावा. ताजी विष्ठा रोपांना घालू नये, मुळं जळतात. हात धुवावेत, हे सांगायला नको.

पण भोसरीतले बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. तिथे कोंबडी कुठून आणणार? तरी प्रश्न सुटत नाही. ओला-सुका कचरा एकत्र करून आपण गाडीत टाकतो, तेव्हा पुढे कोणीतरी हाताने तो उकरतंच. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नसतं, इतकंच. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. उकिरडा उपसणाऱ्याची कधी फिटणार? कोंबडी असेल तर उत्तम. नसेल तर ज्याचा कचरा, त्याच्या हातात फावडं. मला तरी यापेक्षा न्याय्य उत्तर दिसत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.