डहाणूचा वीज प्रकल्प : कोळसा, चिकू आणि रोजगार

मुंबईच्या उपनगरांतील दिवे लावणारी वीज वर्षानुवर्षे डहाणूच्या खाडीकाठी तयार होत आली. त्यासाठी लागणारा कोळसा छत्तीसगडच्या खाणींतून रेल्वेने आला, वीज वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतच्या ग्राहकांकडे गेली आणि राख व धूर मात्र डहाणूच्या वाट्याला आला. या देवाणघेवाणीत डहाणू आणि तलासरीच्या रहिवाशांना काय मिळाले, हा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ चर्चेत आहे. ‘पर्यावरणाच्या निर्बंधांमुळे रोजगार अडला’ आणि ‘निर्बंधांमुळेच रोजगार वाचला’ अशा दोन टोकांच्या भूमिका येथे सातत्याने मांडल्या गेल्या.

प्रकल्प आला कसा?

मुंबई उपनगरांना वीज पुरविणाऱ्या तत्कालीन बीएसईएस कंपनीने डहाणू येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकूण ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारण्याचे ठरविले. केंद्र सरकारने १९८९ मध्ये त्याला पर्यावरणविषयक मंजुरी दिली. स्थानिक पर्यावरणवादी आणि बागायतदारांनी या मंजुरीला आव्हान दिले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने आणि त्यानंतर मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाचा मार्ग मोकळा केला. मात्र धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने बजावले. पुढील सर्व वादाचे मूळ या एका अटीत आहे.

त्याच वर्षी २० जून रोजी केंद्राने अधिसूचना काढून संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम जाहीर केला. उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी वर्गवारी करण्यात आली. प्रदूषणकारी, म्हणजेच लाल गटातील उद्योगांना मज्जाव करण्यात आला आणि औद्योगिक वापराच्या जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा आली. तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा ठेवण्याची तरतूदही त्यात होती. लगतचा तलासरी तालुका त्यामुळे या चर्चेत ओढला गेला.

प्राधिकरणाची स्थापना

अधिसूचना निघाली, तरी तिची अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार कायम राहिली. ‘बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे अध्यक्षपद सोपविण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. एका तालुक्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने नेमलेले आणि तज्ज्ञांचा समावेश असलेले असे प्राधिकरण देशात विरळाच.

प्राधिकरणाचा पहिला मोठा निर्णय १९९८ चा. ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ कंपनीचा वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव त्याने नाकारला. दुसरा निर्णय वीज केंद्राबाबतचा. गंधक काढणारी यंत्रणा सहा महिन्यांत बसवावी, असा आदेश मे १९९९ मध्ये देण्यात आला. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असल्याने तिची गरज नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. प्रकरण न्यायालयात गेले, कंपनीची मालकीही बदलली आणि यंत्रणा प्रत्यक्षात सुरू झाली ती २००७ मध्ये. अट घातली गेली तेव्हापासून ती पूर्ण होईपर्यंत दीड तपाहून अधिक काळ लोटला.

गंधक काढणारी यंत्रणा

कोळसा जळताना त्यातील गंधकाचा सल्फर डायऑक्साइड वायू बनतो. श्वसनाचे विकार, आम्लयुक्त पाऊस आणि हवेतील सूक्ष्म कण यांच्याशी त्याचा संबंध आहे. डहाणूचे धुरांडे सुमारे २७५ मीटर उंच आहे. परंतु उंच धुरांड्यामुळे वायू दूरवर पसरतो, नाहीसा होत नाही. ‘एफजीडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत तो धुरांड्यात जाण्यापूर्वीच अडविला जातो. डहाणूत यासाठी समुद्राचे पाणी वापरले जाते. पाण्यातील क्षार वायू शोषून घेतात, हवा खेळवून त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर होते आणि पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. मुंबईत टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात अशी व्यवस्था आधीपासून होती. कोळशावरील बहुतांश केंद्रांत मात्र ती नव्हती; देशभरासाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली ती थेट डिसेंबर २०१५ मध्ये.

रोजगाराचा हिशेब

उद्योग येऊ दिले नाहीत म्हणून तरुणांना बाहेर जावे लागते, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. तलासरीतील कामगार सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम आणि वापी येथील कारखान्यांत जातात. अनेक आदिवासी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांची वाट धरतात. काही जण गुजरातच्या बंदरांतून मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. मजुरीचा प्रश्न या भागाला नवा नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथेच वारली शेतमजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगार नाकारली होती.

मोठ्या प्रकल्पातून या मजुरांच्या हाताला किती काम मिळते, हा दुसरा प्रश्न. औष्णिक केंद्राला बांधकामाच्या काळात मनुष्यबळ भरपूर लागते. केंद्र सुरू झाल्यावर कायम नोकऱ्या मोजक्या उरतात आणि त्या बहुधा तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांना मिळतात. स्थानिकांच्या वाट्याला मुख्यतः कंत्राटी कामे येतात. याउलट चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि किनाऱ्यावरील गावांत घरोघरी चालणारा दागिन्यांचे साचे बनविण्याचा डायमेकिंगचा व्यवसाय अनेक हातांना काम देतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पानांवर राख बसते आणि उत्पन्न घटते, असे बागायतदार सांगत आले. कंपनीने ते मान्य केले नाही.

वादाच्या गदारोळात एक बाब मात्र दुर्लक्षित राहते. यंत्रणा बसविण्याच्या सक्तीमुळे वीज केंद्र बंद पडले नाही. २००७ नंतरही ते चालू राहिले आणि २०१८ मध्ये मुंबईच्या वीज व्यवसायासह अदानी समूहाकडे गेले. नियमन आले की उद्योग जातो, हे गृहीतक निदान येथे खरे ठरले नाही.

पुढे काय?

ज्या वाढवणला १९९८ मध्ये नकार मिळाला, तेथेच आता महाकाय बंदर उभे राहायचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये बंदरांना उद्योगांच्या लाल गटातून वगळले. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह ना हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे १२ लाख रोजगारांचे आश्वासन सरकारने दिले आहे. मच्छीमारांचा विरोध मात्र मावळलेला नाही.

दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातील बहुसंख्य कोळसा वीज केंद्रांना ‘एफजीडी’च्या सक्तीतून मुक्त केले. कारण तेच देण्यात आले, जे डहाणूत कंपनीने मांडले होते : भारतीय कोळशात गंधक कमी असते. डहाणूला ही यंत्रणा मिळाली ती राष्ट्रीय नियमामुळे नव्हे, तर एका अटीचा पाठपुरावा करणारे प्राधिकरण तालुक्यात होते म्हणून. वाढवण बंदरालाही अटी घालण्यात आल्या आहेत. त्या कागदावर राहतात की किनाऱ्यावर दिसतात, हे त्यांवर देखरेख कोण आणि किती काळ ठेवतो यावर अवलंबून राहील.