फीत-प्रतिध्वनियंत्र

संगीतातील स्वर चुंबकीय फितीवर मुद्रित करून काही क्षणांनी तो मूळ स्वरामागून पुन्हा ऐकविणारे विद्युत् यंत्र. मुद्रणशीर्षापासून वाचनशीर्षापर्यंत पोहोचण्यास फितीला जितका वेळ लागतो, तितका विलंब प्रतिध्वनीस होतो. फीत सेकंदाला ३८ सेंमी. वेगाने धावत असेल व शीर्षांमधील अंतर ५ सेंमी. असेल, तर हा विलंब सु. ०·१३ सेकंद भरतो. वाचलेला ध्वनी पुन्हा मुद्रणशीर्षाकडे पाठविल्यास क्षीण होत जाणाऱ्या प्रतिध्वनींची मालिका मिळते.

या तंत्राचा उगम ध्वनिमुद्रणगृहांत झाला. अमेरिकेत मेंफिस येथे सॅम फिलिप्स यांनी १९५४ मध्ये फीतमुद्रकांच्या साहाय्याने एल्व्हिस प्रेस्ली यांच्या आवाजामागे निकटचा प्रतिध्वनी जोडला. रंगमंचावर नेण्याजोगी यंत्रे लवकरच निघाली. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांचे ‘कॉपीकॅट’ (१९५८) व ओहायओ राज्यात माइक बॅटल यांचे ‘इकोप्लेक्स’ (सु. १९५९) ही त्यांतील प्रमुख होत. इटलीतील ‘बिन्सन इकोरेक’ फिरत्या चुंबकीय ढोलावर मुद्रण करी. काटेकोर अर्थाने ते फीतयंत्र नव्हेच. जपानच्या रोलंड कंपनीने १९७४ मध्ये आणलेल्या ‘आरई-२०१ स्पेस इको’मध्ये अखंड फीत रिळावर न गुंडाळता कप्प्यात मोकळी सोडलेली असे. जमैकातील डब संगीतात ली पेरी यांनी या यंत्राला वाद्याचीच योग्यता प्राप्त करून दिली.

प्रत्येक पुनरावृत्तीत उच्च कंप्रतेचे ध्वनी घटतात व फितीच्या गतीतील चढउतारांमुळे स्वर किंचित हेलकावतो. निर्मात्यांच्या दृष्टीने हे दोषच होते व १९७० नंतरच्या अंकीय विलंबयंत्रांनी ते दूर केले. मात्र नेमकी हीच मऊ धूसरता अनेक वादकांना हवीशी वाटल्याने जुन्या यंत्रांना मागणी राहिली. खरेदीदाराची अडचणही येथेच आहे : ज्या गुणासाठी यंत्र घ्यावयाचे, तोच बिघाडाचे लक्षण असू शकतो.

म्हणून पारख नवी फीत चढवून व शीर्षे स्वच्छ करूनच करावी. त्यानंतरही प्रतिध्वनी बोदा राहिल्यास शीर्षावर फितीने पाडलेली खाच शोधावी. दीर्घ एकल स्वर वाजविला असता हेलकावा मंद असल्यास तो यंत्राचा स्वभाव समजावा. तो अनियमित, गचके देणारा असल्यास फीत दाबणारा रबरी रूळ कडक झालेला असण्याचा संभव असतो. रूळ बदलता येतो, गुणगुण करणारी जुनी धारित्रेही बदलता येतात. परंतु झिजलेली मूळ शीर्षे व चलित्र सहसा मिळत नाहीत. किंमत त्यांच्याच स्थितीवर ठरवावी, बाह्य पेटीच्या चकाकीवर नव्हे.

भारतात अमेरिकन यंत्र वापरताना रोहित्राने २३० व्होल्ट दाब उतरविता येतो, पण विद्युत् पुरवठ्याची कंप्रता बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनविलेले प्रत्यावर्ती चलित्र ५० हर्ट्झवर मंद चालते व विलंब वाढतो.