बेरोजगार भत्ता

* बेरोजगार भत्ता : महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमातील (२००५) तरतूद. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश आणि पुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा भत्ता देय ठरे. हक्क कुटुंबाचा असल्याने वर्षात काही दिवस काम मिळाले म्हणून तो बुडत नसे. मात्र मजुरी व भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली की तो थांबे. म्हणजे ६० दिवस काम मिळालेल्या कुटुंबाचा भत्ता जास्तीत जास्त ४० दिवसांच्या मजुरीएवढा. दिलेले काम नाकारणारा अर्जदार तीन महिने भत्त्यास अपात्र ठरे.