थरांच्या लांकडाचे जर्मन रायफल-दस्ते

इ. स. १९३५ सालीं जर्मन सैन्यानें स्वीकारलेल्या ‘काराबिनर ९८ के’ या रायफलीविषयीं एक समज रूढ झालेला आढळतो. तो असा कीं, तिचा दस्ता लांकडाचे पातळ थर चिकटवून केलेला असला, तर ती महायुद्धाच्या अखेरच्या टंचाईंत बनलेली, म्हणून हलक्या प्रतीची मानावी. हा समज निराधार आहे असें आमचें मत आहे. त्यामुळें वस्तूचा कालनिर्णय चुकतो, आणि चुकीच्या कालनिर्णयावर विसंबून कित्येक चांगले दस्ते घासून पुसून वायां घालविले जातात. आमचें आयुष्य पोथ्या चाळण्यांत गेलें. बंदुकांशीं यांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु पोथी असो वा हत्यार, अंतर्गत पुराव्यावरून काळ ठरविण्याची रीत एकच आहे.

पूर्वीं हे दस्ते बहुधा अक्रोडाच्या एकसंध लांकडाचे करीत. तें लांकूड नीट वाळून मुरण्यास फार अवधि लागे. शिवाय ओल लागली म्हणजे एकसंध लांकूड फुगतें, पिळवटतें, आणि त्याचा दाब नळीवर येऊन नेम ढळतो. यावर तोड काढण्यासाठीं १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत प्रयोग झाले. बीच नांवाच्या झाडाचे पातळ पापुद्रे काढून, त्यांमध्यें कृत्रिम राळेचा सरस घालून, उष्णता व दाब देऊन त्यांचा ठोकळा बनवीत आणि त्यांतून दस्ता कोरून काढीत. ही राळ फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगानें होते. हाडांच्या वा कातड्याच्या सरसाप्रमाणें ती पाण्यानें सुटत नाहीं. असा दस्ता किंचित् जड होतो खरा, पण तो अधिक बळकट असून सहसा वांकत नाहीं, आणि लांकूड मुरण्याची वाट पाहावी लागत नसल्यानें स्वस्तहि पडतो. आमच्याकडील शार्ङ्ग धनुष्य येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. शृङ्गापासून केलेलें तें शार्ङ्ग. शिंग, लांकूड व स्नायु सरसानें एकजीव करून केलेल्या धनुष्यास कोणी टंचाईचें धनुष्य म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

दस्ता कोरतांना हे थर तिरपे कापले जातात. त्यामुळें मुठीपाशीं व बुडाकडे, पाण्यांत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या रेषा उमटतात. संग्राहक या रेषांवरच लुब्ध होतात, आणि त्या अधिक खुलाव्या म्हणून पॉलिशकागद हातीं घेतात. त्याचा परिणाम पुढें सांगूं.

आतां काळाविषयीं. थरांचे दस्ते १९३८ च्या सुमारास, म्हणजे युद्धास तोंड लागण्यापूर्वींच, सैन्याच्या रायफलींवर दिसूं लागतात. उलट युद्धाच्या उत्तरार्धांतील कांहीं रायफलींस एकसंध लांकूडहि आढळतें. तेव्हां केवळ थरांवरून उत्तरकाल ठरविणें म्हणजे केवळ कागदावरून पोथीचा शक ठरविण्यासारखें आहे. उत्तरकालाचीं खरीं चिन्हें बहुतांशीं लोखंडांत आहेत. १९४४ पासून हळूहळू संगीन अडकविण्याचा खुंट गेला, नळी पुसण्याचा गज गेला, घडीव पट्ट्यांच्या जागीं पत्र्याचे ठोकून जोडलेले पट्टे आले व ते स्क्रूंनीं बसवूं लागले. दस्त्याच्या अंगांत बसविलेली पोलादी चकतीहि नाहींशी झाली. तिचें काम बुडाच्या पट्टीस पाडलेल्या भोंकावर आलें. ही खरी टंचाई होय.

हत्याराची पुष्पिका त्याच्या ठशांत असते. पोलादी सांगाड्यावर कारखान्याची सांकेतिक अक्षरें व सालाचे अंक असतात. ‘बी-वाय-एफ ४४’ म्हणजे ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखाना, साल १९४४. दस्त्याच्या बुडाकडील भागावर तपासनिसाचा गरुडाचा ठसा असतो, आणि नळीखालीं झांकलेल्या भागांत रायफलीचा अनुक्रमांक असतो. सांगाड्यावरील अंकाशीं हा अंक जुळला, तर दस्ता मूळचा ठरण्यास बळकट आधार मिळतो. पॉलिशकागद प्रथम खातो तो बाहेरील गरुड. फार वर्षांपूर्वीं आमच्याकडील एका पोथीची बांधणी करतांना कारागिरानें कडा सुबक दिसाव्या म्हणून छाटल्या, आणि समासांत लिहिलेला शक त्या कपट्यांबरोबर केरांत गेला. पोथी आजहि सुंदर दिसते. तिचा काळ मात्र आम्हांस सांगतां येत नाहीं.

जुळणाऱ्या अंकांवरहि डोळे मिटून भरंवसा ठेवूं नये. युद्धांत सोव्हिएत सैन्याच्या हातीं पडलेल्या रायफली पुढें सुट्या करून पुनः जुळविल्या गेल्या. त्या वेळीं भिन्न रायफलींच्या भागांवर विजेच्या लेखणीनें एकच अंक घातला गेला आणि दस्त्यांवर लाखेचें रोगण चढलें. नॉर्वेनें आपल्या वाट्याच्या रायफलींची नळी अमेरिकन काडतुसास योग्य अशी केली. इस्रायलनें ७·६२ मिलिमीटरच्या नळ्या बसविल्या व तो आंकडा दस्त्यावर डागला. तेथील कांहीं रायफलींवर जर्मन गरुड व इस्रायली तारा एकाच पोलादावर शेजारीं शेजारीं दिसतात. एका लेखावर दुसरा लेख चढलेल्या चर्मपत्राची येथें आठवण होते. वरचा लेख खरवडून खालचा ‘शुद्ध’ करूं पाहणारा दोन्हींस मुकतो.

ठसे राखण्याचें आणखी एक, आणि आमच्या मतें सर्वांत मोठें, कारण आहे. ‘बी-एन-झेड’ हीं अक्षरें ऑस्ट्रियांतील श्टायर कारखान्याचीं. त्या कारखान्यासाठीं रायफलींचे भाग माउटहाउझेन छावणीच्या गूझेन या उपछावणींतील कैद्यांकडून करवून घेत. ‘बी-सी-डी’ हीं वायमार येथील गुस्ट्लोफ कारखान्याचीं. त्याची एक शाखा बुखेनवाल्ड छावणीला लागूनच होती, तेथें कैदी राबत, आणि २४ ऑगस्ट १९४४ च्या बाँबहल्ल्यांत त्यांच्यापैकीं शेंकडों मेले. या संस्थेचा पायाच झुल येथील सिमझोन या यहुदी घराण्याकडून हिरावून घेतलेल्या कारखान्यावर घातला होता. कैद्यांचीं नांवें हत्यारावर नाहींत. तीं तीन अक्षरें व साल एवढेंच आहे. तेंहि चकाकीसाठीं पुसलें, तर राहिलेली वस्तु कोणाच्या हातून घडली हें तिच्यावरून कोणासहि सांगतां येणार नाहीं.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं किंवा ज्यांच्या पाहण्यांतील संग्रहालयांत असे दस्ते असतील, त्यांनीं मऊ कोरड्या फडक्यापलीकडे कांहीं लावूं नये. पुसट गरुड तिरप्या उजेडांत वाचावा. दस्ता जाणत्या हातून सोडवून नळीखालील अंकाचें छायाचित्र घ्यावें, सांगाड्यावरील अक्षरें व साल त्याच कागदावर उतरावें, आणि तो कागद वस्तूबरोबर ठेवावा.